सोलापुरातून दूरच्या दीर्घिकांचे छायाचित्रण: पहिल्या हंगामाची तयारी

आकाशाची छायाचित्रे काढायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशगंगेचा झगझगीत पट्टा येतो, आणि सोलापूरकरांचा पहिला हिरमोडही तिथेच होतो. धनु आणि वृश्चिक राशींमधला तो भाग रात्री सोयीच्या वेळी वर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेच महिने ढगांत जातात. दूरच्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या ताऱ्यांच्या विशाल समूहांचे, गणित याच्या उलट आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात तारे आणि धूळ यांची इतकी दाटी असते की पलीकडचे फारसे काही दिसत नाही. म्हणून दीर्घिका शोधायच्या त्या पट्ट्यापासून बाजूच्या दिशांना. त्या दिशा संध्याकाळनंतर माथ्यावर येतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पुन्हा मार्च-एप्रिलात. म्हणजे आपला पावसाळा आकाशगंगेचा हंगाम खातो, पण दीर्घिकांचा हंगाम जवळजवळ अख्खा शिल्लक ठेवतो.

दुसरी सोय अक्षांशाची आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे उत्तरेकडची देवयानी दीर्घिका इथे ६६ अंशांपर्यंत चढते आणि नरतुरंग तारकासमूहातली दक्षिणेकडची दीर्घिकाही क्षितिजापासून २९ अंश वर येते. तीच दिल्लीहून जेमतेम १८ अंशांवर दिसते आणि लंडनहून उगवतच नाही. तेव्हा नवशिक्याने यंत्रांच्या याद्या वाचण्याआधी तिथी, दिशा आणि वेळ यांचा हिशेब शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडा कॅमेरा चुकीच्या रात्री चुकीच्या रस्त्याला नेला तर तो साध्या कॅमेऱ्याइतकेच वाईट चित्र देतो.

पहिले लक्ष्य कोणते

पहिल्या हंगामात देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१ (‘एम’ म्हणजे मेसिये यांची यादी), हेच लक्ष्य ठेवावे. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असली तरी आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे. पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडले तर तेवढी लांबी भरेल. अंधाऱ्या गावातून ती नुसत्या डोळ्यांनीही धूसर ठिपक्यासारखी दिसते, त्यामुळे कॅमेरा योग्य जागी रोखला आहे की नाही हे ताडता येते.

लक्ष्याचा आकार लेन्सशी जुळतो का, हे घरबसल्या काढता येते. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला पडतात तो आकडा. चार मायक्रॉनचा पिक्सेल आणि २०० मिमीची लेन्स असेल तर उत्तर साधारण चार येते. एका अंशात ३६०० विकला असतात, म्हणून तीन अंशांची देवयानी दीर्घिका याच साहित्यावर सुमारे २६०० पिक्सेल लांब उमटते आणि चित्र भरून जाते. याउलट, छायाचित्रांत नेहमी दिसणारी एम ५१ ही भोवरा दीर्घिका केवळ ११ कला, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाहूनही लहान आहे. ती याच लेन्सवर १६० पिक्सेलांत आटोपते. तिच्यासाठी लांब नाभीय अंतराची दुर्बीण लागते, आणि दुर्बीण आली की तिला पेलणारे जड माउंट, म्हणजे तिला फिरवणारी बैठक, आले. पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

साहित्य

कॅमेरा जुना चालतो. लेन्स बदलता येणारा आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल देणारा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस पुरतो. तेजोमेघांसाठी काही जण सेन्सरपुढचे गाळणे काढून कॅमेरा बदलून घेतात, पण दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो. त्यासाठी कॅमेऱ्याला हात लावण्याची गरज नाही. लेन्स १३५ ते २०० मिमीची असावी, ती झूमपेक्षा एकाच नाभीय अंतराची असेल तर अधिक चांगले.

खरा खर्च करायचा तो ट्रॅकरवर. पृथ्वी फिरते म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचे, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वरच्या आकाशातले, तारे सेकंदाला १५ विकला सरकतात. देवयानी दीर्घिकेपाशी हा वेग ११ विकलांच्या आसपास आहे. वरच्या हिशेबाने दोन सेकंदांत तारा पाच-साडेपाच पिक्सेल सरकतो आणि ठिपक्याची रेघ होते. ट्रॅकर कॅमेऱ्याला त्याच वेगाने उलट फिरवत राहतो, त्यामुळे एकेक मिनिटाचे एक्स्पोजर घेता येते. ट्रॅकर किंवा माउंट मागवताना त्याचा अक्षांशाचा पट्टा १७ अंशांपर्यंत खाली येतो का, हे विचारून घ्यावे. थंड देशांच्या अक्षांशांना धरून बनवलेली काही मोठी माउंट इतकी खाली वाकवली की त्यांचे प्रतिभार तिपाईच्या पायाला अडतात. तिपाई मात्र जड आणि ठेंगणी हवी, कारण माळावरचा वारा हलकी तिपाई हलवल्याशिवाय राहत नाही.

प्रकाशप्रदूषण कापणारे फिल्टर दुकानदार आग्रहाने दाखवतात. दीर्घिकांसाठी ते घेऊ नयेत. रस्त्यांवरचे एलईडी दिवे सर्व रंगांचा प्रकाश फेकतात आणि दीर्घिकाही तेच करते, त्यामुळे फिल्टर दोन्ही सारखेच कापतो. तोच पैसा गाडीच्या पेट्रोलला घालून ४० किलोमीटर लांब जावे. हल्ली मिळणाऱ्या, मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट दुर्बिणीही वाईट नाहीत, घरातल्या मुलांना तर त्या फार आवडतात; मात्र त्या सगळे काम आपणच उरकत असल्यामुळे चित्र कसे घडते हे शिकायचे राहून जाते.

तिथी आणि वेळ

यासाठी घरातले पंचांग पुरेसे आहे. चंद्र आकाशात असताना दीर्घिकेचे फिकट हात पार्श्वभूमीत विरून जातात, म्हणून चंद्र नसलेले तास हेरायचे असतात. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे त्या रात्री संध्याकाळचे चार-पाच तास मोकळे मिळतात आणि पुढे अमावास्येपर्यंत ते वाढत जातात. शुक्ल पक्षात चतुर्थी-पंचमीचा चंद्र लवकर मावळतो, तेव्हा मध्यरात्रीच्या आसपास वर येणाऱ्या लक्ष्यांना त्या रात्रीही चालतात.

देवयानी दीर्घिका नोव्हेंबरच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांत उंच असते आणि पहाटे पावणेदोनपर्यंत ३० अंशांच्या वर राहते. डिसेंबरच्या मध्याला हे सारे दोन तास अलीकडे येते. तीस अंशांच्या खाली गेलेल्या वस्तूचे छायाचित्र शक्यतो घेऊ नये, कारण तिथे वातावरणाचा जाड थर आणि धूळ आड येते.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या तिथीने उत्तम, पण धुराने वाया जाते. ती घरी घालवून पुढची कार्तिक अमावास्या धरावी. त्यानंतरच्या मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला अक्कलकोट आणि तुळजापूर भागांत घरेच्या घरे शेतात जेवायला जातात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे दुपारी भज्जी-आंबिलाला जाऊन, त्यांच्या परवानगीने रात्री तिथेच तिपाई लावण्याइतकी चांगली सोय वर्षात दुसरी नाही.

जागा: शहर पाठीशी कसे ठेवायचे

नवशिके ‘अंधारी जागा’ एवढेच शोधतात. त्यापेक्षा महत्त्वाचे हे की लक्ष्य ज्या दिशेला असेल त्याच दिशेला शहराबाहेर पडावे, म्हणजे सोलापूरचा उजेड पाठीमागे राहतो. देवयानी दीर्घिका माथ्याच्या उत्तरेला असते; तिच्यासाठी तुळजापूर रस्त्याने तामलवाडीच्या पुढे किंवा बार्शी रस्त्याने वडाळ्याच्या पलीकडे जावे. नरतुरंगातली दीर्घिका दक्षिणेला बुटकी राहते. तिच्यासाठी विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जाणे बरे. दक्षिणेकडे जाताना आहेरवाडी-फताटेवाडीच्या औष्णिक वीजप्रकल्पाचे दिवे कोणत्या बाजूला येतात ते आधी नकाशावर पाहावे. गळीत हंगामात साखर कारखानेही रात्रभर उजळलेले असतात आणि त्यांचा धूर वाऱ्याबरोबर कितीतरी लांब जातो.

नान्नजचे माळढोक अभयारण्य अंधारे आहे म्हणून रात्री तिकडे शिरू नये. तो संरक्षित अधिवास आहे आणि परवानगीशिवाय तिथे जाणे गुन्हा आहे. उसाच्या फडाजवळ आणि तलावाच्या काठी दव लवकर पडते, तेव्हा कोरड्या माळाची उंचवट्याची जागा पाहावी. जागा दिवसा जाऊन बघावी, जमीनमालकाला विचारावे आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालावे. मध्यरात्री माळावर लाल दिवा घेऊन फिरणारी माणसे पाहून गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे. पायांत उंच बूट हवेत. घोणस, फुरसे आणि विंचू हे इथले रहिवासी आहेत, त्यामुळे जमिनीवर ठेवलेली पिशवी झटकल्याशिवाय उचलू नये. एकट्याने मात्र जाऊ नये.

माळावर पोहोचल्यावर

अंधार पडण्याच्या तासभर आधी पोहोचावे. तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नयेत. ती समपातळीत आणावी आणि तिच्या मधल्या आकड्याला दगडांची पिशवी टांगावी.

यानंतर ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे वळवायचा. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून १७-१८ अंशांवर असतो. हात ताठ करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश होते, म्हणजे उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर तो सापडतो. इतक्या खाली असल्यामुळे एखादी बाभळही त्याला झाकते, म्हणून तिपाईची जागा ठरवतानाच उत्तरेचे क्षितिज मोकळे आहे ना ते पाहावे. ट्रॅकरच्या अक्षांश-पट्टीवर १७.७ ठेवावे, मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर धरावी आणि ट्रॅकरच्या लहान दुर्बिणीतून पाहावे. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ०.६ अंश दूर असतो आणि त्याच्याभोवती फिरतो. तो या क्षणी घड्याळाच्या कितीच्या ठिकाणी आहे हे सांगणारी मोफत ॲप मोबाइलवर मिळतात. दुर्बिणीतल्या वर्तुळावर त्याच ठिकाणी तारा आणून स्क्रू घट्ट करावेत आणि घट्ट केल्यावर पुन्हा एकदा डोळा लावावा, कारण स्क्रू आवळतानाच तारा हमखास सरकतो. या कामाला पहिल्या रात्री अर्धा तास लागला तरी घाई करू नये.

मग फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नये. ऑटोफोकस आणि थरथर-प्रतिबंधक दोन्ही बंद करावे, एखाद्या ठळक ताऱ्यावर कॅमेरा रोखावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करावा आणि रिंग केसागणिक फिरवत तारा लहानात लहान करावा. बाहतिनोव्ह मास्क नावाची पट्ट्यापट्ट्यांची जाळी पुठ्ठ्यातून कापता येते. ती लेन्सपुढे धरली की ताऱ्याला तीन किरण फुटतात आणि मधला किरण नेमका मध्ये आला की फोकस जमला. त्याच क्षणी रिंगवर चिकटपट्टी लावावी. डिसेंबरात संध्याकाळ ते मध्यरात्र हवा बरीच गार होते आणि लेन्स आकसते, म्हणून दर तासाला फोकस तपासावा.

दीर्घिका चौकटीत आणण्यासाठी आकाश वाचता आले पाहिजे. महाश्वाचा मोठा चौकोन, म्हणजे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे चार तारे, आधी ओळखावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. रांगेतला दुसरा ठळक तारा मिराक. मिराकपासून शर्मिष्ठेच्या ‘एम’ आकाराच्या दिशेने दोन फिकट तारे मोजले की दुसऱ्याच्या शेजारी ती धूसर ओंजळ दिसते. स्टेलॅरियम या मोफत प्रणालीत लेन्सची चौकट आखून हा मार्ग घरीच दोन-तीनदा पाहून ठेवावा.

एक्स्पोजर

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फाइल रॉ, छिद्र एफ ४ किंवा लेन्सच्या पूर्ण उघड्या मापापेक्षा एक पायरी बारीक, आयएसओ ८०० ते १६००, वेळ ६० सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवावे, नाहीतर निम्मी रात्र त्यातच जाईल. पहिल्या चित्राचा हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, पाहावा. त्याचा डोंगर डाव्या कडेपासून सुटून एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाच्या दरम्यान असावा. डावीकडे चिकटला असेल तर वेळ वाढवावी, मधोमध आला असेल तर आकाश उजळ आहे असे समजून वेळ कमी करावी. मग चित्र मोठे करून कोपऱ्यांतले तारे पाहावेत. सगळे एकाच दिशेला लांबट असतील तर ध्रुव नीट साधलेला नाही.

त्या एकट्या चित्रात काय दिसते ते सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. मधला पिवळसर गाभा, त्याभोवती लंबगोल धुके, आणि नीट पाहिले तर गाभ्याच्या जवळ ताऱ्यासारखा ठेंगू एम ३२ आणि विरुद्ध बाजूला फिकट डाग असा एम ११०, या तिच्या दोन सोबती दीर्घिका. धुळीचे काळे पट्टे पहिल्या चित्रात ओझरते दिसतात किंवा दिसतही नाहीत. ते अनेक चित्रे एकत्र केल्यावर उमटतात. चित्रातल्या गोंगाटाच्या, म्हणजे दाणेदारपणाच्या, तुलनेत प्रकाशाची सरशी एकूण वेळेच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे चित्र दुप्पट सुधारायचे तर वेळ चौपट द्यावा लागतो. पहिल्या रात्री दोन तास, म्हणजे ६० सेकंदांची १२० चित्रे, हे ध्येय ठेवावे. इंटरव्हलोमीटर, म्हणजे ठरल्या वेळेने आपोआप चित्रे काढवणारे उपकरण, लावला की बटणाला हात लावावा लागत नाही. दर पंधरा-वीस चित्रांनंतर चौकट किंचित सरकवावी. त्याने सेन्सरचे कायमचे डाग पुढे आपोआप पुसले जातात.

मुख्य चित्रे झाली की लगेच निघू नये. झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेची २०-३० डार्क चित्रे (सेन्सरचा गोंगाट वजा करण्यासाठी) तिथेच, त्याच तापमानात घ्यावीत. सेन्सरचा औष्णिक गोंगाट साधारण सहा-सात अंशांगणिक दुप्पट होतो, त्यामुळे डिसेंबरच्या माळावरची चित्रे आणि दुसऱ्या दिवशी घरात घेतलेली डार्क जुळत नाहीत. एप्रिलच्या उकाड्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी. लेन्सच्या कडांचा काळोख आणि धुळीचे ठिपके काढण्यासाठी फ्लॅट लागतात: फोकस आणि कॅमेऱ्यावरची लेन्स न हलवता लेन्सवर पांढरे सुती कापड ताणून बसवावे आणि ते टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्याकडे किंवा उजाडत्या आकाशाकडे धरून वीसएक चित्रे घ्यावीत. कापड पातळ हवे. सोलापुरी चादर या कामाची नाही, ती स्वतःच्या अंगावर घ्यावी. शेवटी झाकण लावून सर्वांत कमी वेळेची वीसएक बायस चित्रे (सेन्सरचा मूळ गोंगाट टिपणारी) घेतली की रात्रीचे काम झाले.

संगणकावर

सिरिल ही प्रणाली मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते. लाइट (म्हणजे मुख्य चित्रे), डार्क, फ्लॅट आणि बायस अशी चार फोल्डर करून तिची तयार स्क्रिप्ट चालवली की ती चित्रांचे दोष काढते, तारे जुळवते आणि सगळ्यांचे मिळून एक चित्र बनवते. त्याआधी विमानाच्या रेषा सोडून बाकी बिघडलेली चित्रे, विशेषतः वाऱ्याने हललेली आणि विरळ ढग आलेली, हाताने काढून टाकावीत. रेषा स्टॅकिंगमध्ये, म्हणजे चित्रे एकत्र करताना, आपोआप गळतात, ढग गळत नाहीत.

तयार झालेले चित्र जवळजवळ काळे दिसते, पण त्यात सगळे असते. आधी पार्श्वभूमीचा उतार काढावा, म्हणजे शहराच्या बाजूचा उजेड जातो. मग फोटोमेट्रिक रंगजुळणी करावी, जी ताऱ्यांच्या ठाऊक असलेल्या रंगांवरून चित्राचे रंग ठरवते. आणि मगच उजेड ताणावा, म्हणजे चित्रातले फिकट भाग उजळ करावेत. हा क्रम बदलू नये. ताणताना एकाच झटक्यात हवे ते काढू पाहिले तर गाभा पांढराफटक होतो, म्हणून थोडे-थोडे चार-पाच वेळा ताणावे. रंग भडक करण्याचा मोह सर्वांनाच होतो. गाभा पिवळसर आणि कडा निळसर असावी, कारण मध्ये जुने तारे आहेत आणि बाहेरच्या हातांत तरुण. त्याहून अधिक रंग दिसत असतील तर ते आपणच भरलेले आहेत.

देवयानीनंतर

त्याच नोव्हेंबरात त्रिकोणातली एम ३३ माथ्याजवळून, ७७ अंशांवरून जाते. ती फिकट आहे, तिला चार तास द्यावेत. त्याच रात्री दक्षिणेला ४७ अंशांवर शिल्पकारातली एनजीसी २५३ असते (एनजीसी ही दीर्घिका-तेजोमेघांची आणखी एक यादी). मार्च-एप्रिलात सिंहातले त्रिकूट, म्हणजे एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८, पूर्वा फाल्गुनीच्या जवळ जवळजवळ डोक्यावर येते, आणि २०० मिमीच्या लेन्सवर तिन्ही लहान असल्या तरी एका चौकटीत मावतात. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला कन्येतला दीर्घिकांचा समूह आहे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. तिथे एकाच चित्रात डझनभर दीर्घिका मोजता येतात. एप्रिलच्या मध्याला तो रात्री सव्वाअकराच्या सुमारास सर्वांत उंच असतो.

नरतुरंगातली एनजीसी ५१२८ शेवटी ठेवावी. एप्रिलच्या मध्याला ती मध्यरात्रीनंतर, तर मेच्या मध्याला साडेदहाच्या आधीच दक्षिणेला येते, आणि २० अंशांच्या वर तिला पाचच तास मिळतात. इतक्या बुटक्या लक्ष्याला तीस अंशांचा नियम लावता येत नाही, म्हणून वळवाचा शिडकावा होऊन धूळ खाली बसलेली आणि नंतर आकाश निवळलेली रात्र पकडावी. तशी रात्र आदल्या दिवशीही सांगता येत नाही, तेव्हा त्या आठवड्यात बॅटऱ्या भरलेल्याच ठेवाव्यात.

जूनमध्ये ढग आले की लेन्स आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत, नाहीतर बुरशी धरते. सगळ्या रॉ फाइली डार्क-फ्लॅटसह जपून ठेवाव्यात. पुढच्या नोव्हेंबरात त्याच लेन्सने घेतलेले तास या तासांत मिळवता येतात.